उसवलेल्या टोप्या

मला विणायला पद्मावहिनींनी शिकवलं. खरं सांगायचं तर त्यांनी मला उसवायला शिकवलं, विणणं त्यातून आपोआप आलं.

वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. मी झाशीहून लग्न होऊन ग्वाल्हेरला आले, तेव्हा त्या मुलींच्या एका शाळेत शिवण आणि विणकाम शिकवायच्या. शाळेत चाळीस मुलींना धारेवर धरून त्यांचं समाधान होत नसावं, कारण घरी आल्या की माझा तास सुरू. मी चार बोटं विणून दाखवायला न्यायची. त्या कपाळावरचा चष्मा नाकावर घेत, विणलेलं खिडकीच्या उजेडाकडं धरत आणि म्हणत, "सीमंतिनी, हात ढिला आहे तुझा. उसव." मग मी तोंड फुगवून उसवत बसायची आणि त्या समोर बसून सुटलेली लोकर गुंडाळायच्या. मदत म्हणून काय ती तेवढीच.

मला राग पटकन येतो आणि उशिरा जातो. वहिनींवरचा राग तर मी पस्तीस वर्षं सांभाळून वापरला. नणंदांनी माझ्या स्वेटरचं कौतुक केलं, नई सडकवरचा लोकरवाला मला 'भाभीजी, आपके जैसा हाथ' म्हणाला, इथल्या मराठी मंडळाच्या बायका माझ्याकडून नमुने उतरवून घेऊ लागल्या. वहिनी मात्र उजेडाकडं धरायच्या आणि काहीतरी काढायच्याच. काही सापडलं नाही तर "ठीक" म्हणायच्या. 'छान' हा शब्द त्यांच्या तोंडून माझ्यासाठी कधी निघाला नाही, आणि मी खुळी तो ऐकायला टपून बसलेली असायची.

हरिशंकरपुरमच्या घरात खाली त्या आणि वर आम्ही. आमचा अंशुल सातव्या महिन्यात जन्मला, ऐन जानेवारीत. सरकारी इस्पितळाच्या त्या वॉर्डात इतकी थंडी होती की बाळांना बायका आपल्या शालीत गुंडाळून छातीशी धरून बसत. वहिनींनी दोन दिवसांत अंशुलसाठी टोपी विणून आणली. पिवळी, मुठीएवढी. ती त्याच्या डोक्यावर चढवताना त्यांनी आजूबाजूच्या खाटांकडं बघितलं, आणि पुढच्या संक्रांतीला मंडळाच्या मेळ्यात त्यांचा पहिला स्टॉल लागला. टोप्या, मोजे, झबली. जे येईल ते त्या वॉर्डातल्या हीटरसाठी आणि कांबळ्यांसाठी. तेव्हापासून एकही संक्रांत चुकली नाही. भाऊजी गेले त्या वर्षीही वहिनी स्टॉलवर बसल्या. दसऱ्याला पहिली टोपी सुईवर घालायची, बहात्तर टाके, आणि संक्रांतीपर्यंत बारा टोप्या पुऱ्या करायच्या. बाकीच्या वस्तू आम्ही सगळ्याजणी करायचो, पण नवजात बाळाच्या टोप्या फक्त वहिनींच्या. त्यात त्यांनी मला कधी हात घालू दिला नाही. "तू मोजे कर," म्हणायच्या.

टोपी पुरी झाली की त्यांची एक लकब होती. ती उलटी करून मुठीवर चढवायच्या, टाळूच्या जागी अंगठा फिरवायच्या आणि मगच टोपलीत ठेवायच्या. "बाळाला निरोप देताय का?" मी एकदा विचारलं होतं. "गप विण," म्हणाल्या.

दोन वर्षांपूर्वी वहिनी दूध उतू घालवायला लागल्या. मग गल्लीचा रस्ता चुकला. मग एके दिवशी फाटकाशी उभ्या राहून, "शाळेला उशीर होतोय, टांगा का नाही आला," असं विचारायला लागल्या. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं आणि सांगितलं की हात चालू राहू देत, हातांना जे येतं ते करू देत. त्यांचा मुलगा आणि सून दिवसभर नोकरीवर, नात यशश्री कॉलेजात. म्हणजे दिवसभर मी आणि वहिनी. हातात सुया असल्या की त्या शांत असायच्या. ओठांत टाके मोजायच्या. सुया खाली ठेवल्या की फाटकाकडं जायच्या.

या दसऱ्याला त्यांनी पहिली टोपी सुईवर घातली आणि आठवड्याभराने, त्या दुपारी झोपल्या असताना, मी त्यांच्या पिशवीतून ती काढून बघितली.

काय सांगू. बॉर्डर संपतच नव्हती. मध्येच टाका सुटून खाली भोक पडत गेलं होतं. एका बाजूला ओळी जास्त, दुसऱ्या बाजूला कमी, आणि बहात्तर टाक्यांचे एक्याण्णव झाले होते. मी ते गच्चीवर नेलं, उन्हाकडं धरलं, अगदी त्यांच्यासारखं. आणि खोटं कशाला बोलू, माझ्या मनात पहिल्यांदा जे आलं ते दुःख नव्हतं. पस्तीस वर्षांनी माझी पाळी आली होती. मी मोठ्यानं म्हणाले, "हात ढिला आहे. उसव."

मग उसवलं. आणि उसवता उसवता रडू फुटलं ते थांबेना. उसवलेली लोकर कुरळी राहते, तशी ती वळली नव्हती, ताण नव्हता तिला, ज्या हाताच्या ताणाचा मी जन्मभर जाच सोसला तो हातच त्यात नव्हता.

त्याच दुपारी मी ठरवलं की वहिनींना हे कळू द्यायचं नाही. सगळं जाऊ दे, नावं जाऊ देत, रस्ते जाऊ देत, पण आपले हात गेले हे त्यांना या जन्मी कळता कामा नये. स्टॉल लागेल आणि त्यावर त्यांच्या बारा टोप्या असतील.

मग रोजचं ते काम होऊन बसलं. जेवण झालं की वहिनी झोपत. मी पिशवी घेऊन गच्चीवर जायची, त्यांचं उसवायची, आणि तेवढ्याच ओळी नीट विणून सुया होत्या तशा पिशवीत खोचून ठेवायची. त्यांचा हात घट्ट, माझा ढिला, म्हणून मी दहा नंबरच्या ऐवजी अकरा नंबरची बारीक सुई घेतली. बोटं दुखायची. पण त्यांच्यासारखी वीण उतरली पाहिजे म्हणून मी जीव तोडून विणायची. एवढं चांगलं मी आयुष्यात कधी विणलं नव्हतं, आणि ते दाखवायला कोणी नव्हतं.

टोपीच्या टाळूपर्यंत वहिनी कधी पोचायच्याच नाहीत. अर्ध्यात विसरायच्या आणि नवे टाके घालायच्या. ती अर्धी टोपी मी वर नेऊन पुरी करायची, शिवायची आणि माझ्या कपाटातल्या खोक्यात ठेवायची.

"किती झाल्या गं?" त्या विचारायच्या.

"सात झाल्या वहिनी."

"एवढ्या? मला वाटलं मी मागे पडलेय."

"तुम्ही कसल्या मागे पडताय! माझेच मोजे राहिलेत सगळे."

"मग बस ना. गप्पा नको मारू."

अशा दिवशी मला वाटायचं, जमलं. आपण या आजाराला फसवलं.

जानेवारीत यशश्रीनं नवंच काढलं. ती मुलगी चांगली आहे, पण तिच्या डोक्यात सतत काहीतरी शिजत असतं. "छोटी आजी, आजकल ना लोकांना स्टोरी पाहिजे असते," ती मला म्हणाली. "प्रत्येक चीजेवर बनवणाऱ्याचं नाव टाकू. मी टॅग बनवते." तिनं जाड कागदाचे सुंदर टॅग कापले, त्यावर बारीक फुलं काढली आणि लिहिलं, 'ही टोपी पद्मा आजींनी विणली आहे.' खाली तेच हिंदीतून. मी नको म्हणायला हवं होतं. पण मला वाटलं, चला, वहिनी वाचतील, खूश होतील.

लष्कर भागातल्या मंडळाच्या हॉलमध्ये मेळा भरला. तिळगुळाचा वास, हळदीकुंकवाची गडबड, माइकवर कोणीतरी कोणाला तरी बोलावतंय. वहिनींना मी हिरवी इरकल नेसवली होती, खांद्यावर शाल. टेबलामागच्या खुर्चीत त्या अशा ताठ बसल्या की मंडळाच्या बायका एकमेकींना म्हणाल्या, "काय नाही झालं यांना, बघा." मी बारा टोप्या ओळीनं मांडल्या.

"आजी, देख ना," यशश्री म्हणाली, "तुझं नाव!"

वहिनींनी चष्मा नाकावर घेतला. टॅग वाचला. हसल्या. मग त्यांनी ती टोपी उचलली, उलटी केली, मुठीवर चढवली आणि टाळूच्या जागी अंगठा फिरवला.

अंगठा थांबला. पुन्हा फिरला. त्यांनी टोपी खाली ठेवली आणि दुसरी घेतली. मग तिसरी. मला आधी कळेना काय चाललंय. चौथ्या टोपीला त्यांचा चेहरा बदलला. बाराही टोप्या त्यांनी तशाच तपासल्या, न घाई करता, वर्गातल्या वह्या तपासाव्यात तशा.

"सीमंतिनी, या माझ्या नाहीत."

"असं काय वहिनी? नाव बघा ना."

"नाव यशूनं लिहिलंय. टोप्या कोणी विणल्या?"

"तुम्हीच. कोण विणणार दुसरं?"

"माझ्या टोपीत तीट असते."

मी जवळची एक टोपी उलटी करून बघितली.

"इथे, टाळूवर, आतून," त्या म्हणाल्या. आवाज अगदी स्वच्छ होता, पूर्वीचा. "एक टाका मुद्दाम उलटा. सासूबाईंनी सांगितलं होतं मला. बाळाच्या गालाला तीट लावतात ना, तशी. बिलकुल निर्दोष वस्तू बाळाला घालू नये, नजर लागते. थोरल्या सुनेनं घालायची आणि बोलायचं नाही कोणाला."

पस्तीस वर्षं त्यांच्या शेजारी बसून विणलं मी, आणि मला हे ठाऊक नव्हतं. निरोप देताय का म्हणून मी थट्टा केली होती. आणि आता मी घाबरून जे बोलले, त्याची लाज मला मरेपर्यंत वाटेल. मी म्हणाले, "यंदा विसरला असाल तुम्ही घालायला. हल्ली विसरता ना."

वहिनींनी माझ्याकडं बघितलं.

"बारा वेळा?"

यशश्री तिळगुळ द्यायला पलीकडं गेली होती, तेवढं एक बरं.

"मग मी काय विणलं?" त्यांनी विचारलं. "मी रोज विणत होते ना? का तेही मला उगाच वाटत होतं?"

"विणत होतात. रोज विणत होतात, वहिनी."

"मग ते कुठाय?"

"हेच आहे ते," मी म्हणाले. "लोकर तीच आहे."

त्या समजल्या. समजल्या हे मला त्यांच्या हातांवरून दिसलं. टेबलावरचे दोन्ही हात त्यांनी मांडीवर घेतले आणि त्यांच्यावर शाल ओढली.

"सगळं उसवलंस?"

"हो."

"एक पण नव्हती ठेवण्यासारखी?"

मी नाही म्हणून मान हलवली. खोटं बोलायची हिंमत संपली होती. झाशीची म्हणून लोक मला उगीच शूर समजतात.

माइकवर कोणाचा तरी उखाणा चालला होता आणि बायका हसत होत्या. मग वहिनींनी एक टोपी उचलली आणि हॉलच्या खिडकीकडं, उजेडाकडं धरली. ताणून बघितली. बॉर्डर, वीण, टाळूकडं टाके कमी करत नेलेली घट, सगळं. मला वाटलं आता म्हणतील, उसव. देवा, म्हणू दे.

"चांगला झालाय हात तुझा," वहिनी म्हणाल्या.

हेच ऐकायला मी पस्तीस वर्षं थांबले होते.

तेवढ्यात एक तरुण मुलगी आली, पोट दिसत होतं, सातवा-आठवा असेल. "आंटी, ये वाली दिखाइए ना," तिनं मला म्हटलं. वहिनींनीच टोपी तिच्या हातात दिली. "ले जाओ बेटा, बहुत अच्छी बुनी है इसने," त्या माझ्याकडं बोट करून म्हणाल्या. पण देण्याआधी त्यांनी टॅगचा दोरा दातानं तोडला आणि टॅग काढून घेतला. मग उरलेल्या अकरा टोप्यांचेही काढले, एकेक करून. यशश्री परत आली आणि ओरडली, "आजी, ये क्या कर रही हो?" वहिनी म्हणाल्या, "दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव नाही लावत बेटा." बारा टॅग त्यांनी नीट जुळवून पर्समध्ये ठेवले. दुपारपर्यंत सगळ्या टोप्या गेल्या.

घरी आल्यावर मी माझी ट्रंक उघडली. तळाशी अंशुलची पिवळी टोपी होती, तो आता पुण्यात असतो, त्याला स्वतःचं बाळ आहे. मी ती उलटी केली, मुठीवर चढवली आणि अंगठा फिरवला. लागला. टाळूवर, आतून, एक टाका उलटा. सातव्या महिन्यात जन्मलेल्या माझ्या मुलाला कोणाची नजर लागू नये म्हणून या बाईनं तो घातला होता, आणि मी तिच्यावर राग धरून बसले होते. मी ट्रंकेपाशीच बसले आणि पोटभर रडले.

त्या दिवसापासून वहिनींनी सुया हातात घेतल्या नाहीत.

मला वाटलं होतं, उद्या विसरतील. सगळंच विसरतात, हेही विसरतील. दुसऱ्या दिवशी मी पिशवी त्यांच्या मांडीवर ठेवली, बहात्तर टाके घालून दिले. त्यांनी सुया माझ्याकडं सरकवल्या. "तू विण. तुझा हात चांगला झालाय." तिसऱ्या दिवशी तेच. होळी आली, मुलाचं नाव गेलं, यशश्रीला त्या माझी मुलगी समजायला लागल्या. भाऊजी अजून ऑफिसातून का नाही आले म्हणून रोज संध्याकाळी विचारायच्या. पण सुया दिल्या की परत करायच्या. एवढी एकच गोष्ट त्या विसरल्या नाहीत, आणि ती मी त्यांना दिली होती.

आणि रोज ते वाक्य. तुझा हात चांगला झालाय. मला ते ऐकवेना. फाटकाशी उभं राहणं परवडलं, पण ते नको.

शेवटी एके दिवशी मी मुद्दाम एक टोपी बिघडवली. आडून आडून नाही, आंधळ्यालाही दिसेल अशी. बॉर्डरमध्ये उलट-सुलटचा घोळ घातला, मध्येच तीन टाके सोडून दिले, त्याचं मोठं भोक पडू दिलं. आणि वहिनींच्या समोर खुर्ची ओढून बसले, पहिल्या वर्षी बसायची तशी.

"वहिनी, जरा बघा ना. जमलंय का मला?"

त्यांनी टोपी घेतली. चष्मा कपाळावरच राहिला. उजेडाकडं धरायचं त्यांना आठवलं नाही. भोकातून त्यांचं बोट आरपार गेलं. ते बोट त्यांनी थोडा वेळ हलवून बघितलं, लहान मुलं बघतात तसं.

"वहिनी, हात ढिला आहे ना माझा?" मी म्हणाले. "सांगा ना. उसवू ना?"

"छान," वहिनी म्हणाल्या. "छान झालंय."

मी त्यांच्या हातातून ती टोपी घेतली, सुई ओढून काढली आणि धागा खेचला. ओळीमागून ओळ सुटत गेली. मला समोरचं नीट दिसत नव्हतं. लोकर माझ्या मांडीवर पडत होती, गुंतत होती.

वहिनी ते बघत होत्या. मग पुढं वाकून त्यांनी लोकरीचं मोकळं टोक शोधून काढलं आणि गुंडाळायला लागल्या.